फुटपाथ की रस्ता? स्कूटरला पत्ताच नसतो

२ एप्रिल २०२३ रोजी पॅरिसकरांनी भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरना घरचा रस्ता दाखवला. मतदानाला आले जेमतेम साडेसात टक्के लोक, पण त्यांतल्या ८९ टक्क्यांनी 'नको' म्हटलं आणि ऑगस्टअखेर तीन कंपन्यांच्या सुमारे १५ हजार स्कूटर हटल्या. (आपल्या ॲक्टिव्हासारख्या नव्हेत, उभं राहून चालवायच्या.) राग साचत आला होता तो पाच वर्षांपासून. फुटपाथवर आडव्या पडलेल्या स्कूटर, म्हाताऱ्यांना घासून जाणारे चालक आणि मग वैतागून कुणीतरी सीन नदीत ढकललेली वाहनं. अमेरिकेत ऑकलंडच्या लेक मेरिटमधूनही २०१८ साली डझनांनी स्कूटर उपसाव्या लागल्या. पुण्यात त्याच सुमारास आलेल्या ॲपवरच्या सायकलींचीही मोडतोड झाली होतीच. तेव्हा 'आपल्याच लोकांना शिस्त नाही' हे पालुपद जरा आवरतं घ्यायला हरकत नाही.

या वादात एक प्रश्न हमखास येतो: प्रत्येक स्कूटरमध्ये जीपीएस आहे, कंपनीला सगळं दिसतं, मग फुटपाथवर चालवणाऱ्याची स्कूटर तिथल्या तिथे बंद का पडत नाही? गंमत अशी, की कंपनीला ते दिसतच नाही.

आधी एक भ्रम काढून टाकू. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं उपग्रह वरून आपल्यावर 'नजर' वगैरे ठेवत नाहीत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते फक्त ओरडत असतात: मी अमुक, मी इथे आहे, आत्ता इतके वाजले. सिग्नल पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढायचं काम खालच्या चिपचं. चार उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरते. चौथा कशाला? तर चिपमधलं स्वस्तातलं घड्याळ किती चुकतंय तेही काढावं लागतं.

आता खरी मौज. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने येतो, आणि प्रकाश एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे फुटपाथ आणि रस्ता यांतला तीन मीटरचा फरक हा दहा नॅनोसेकंदांचा मामला. शिवाय इथवर पोचणारा सिग्नल एका वॅटच्या एक कोटी अब्जाव्या भागाइतका, आजूबाजूच्या गोंगाटापेक्षाही क्षीण. म्हणून उपग्रह १,०२३ तुकड्यांचा एक ठरावीक संकेत दर मिलिसेकंदाला पुन्हापुन्हा पाठवतो. चिपकडे त्याचीच नक्कल असते. शिंपी पोलक्याच्या दोन बाह्यांचा काठ सरकवून सरकवून जुळवतो, तशी ती नक्कल पुढेमागे सरकवली जाते. दोन्ही जुळल्या की जुळणाऱ्या तुकड्यांची बेरीज एकदम चढते, सरकल्या की उतरते; आलेख काढला तर त्रिकोण दिसतो. त्याचं टोक म्हणजे सिग्नल पोचल्याची वेळ. पण टोक थेट मोजणं कठीण, म्हणून चिप जराशी आधीची आणि जराशी नंतरची अशा दोन बेरजा घेते आणि त्या समान होतील तिथे मध्य धरते.

संकेताचा एकेक तुकडा हवेत जवळपास २९३ मीटर लांब असतो. समोरच्या इमारतीवर आपटून आलेला सिग्नल वीस मीटर उशिरा आला, तर त्याचा त्रिकोण मूळ त्रिकोणावरच चढून बसतो. एक उतार फुगतो, दोन बेरजांचा समतोल ढळतो, मध्य सरकतो. चिपला काही बिघडल्याचं कळतही नाही. पेठेतल्या बोळात रिक्षा मागवताना ॲपवरचा निळा ठिपका शेजारच्या वाड्यात शिरतो, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

याहून वाईट म्हणजे थेट सिग्नल अडतो आणि फक्त परावर्तित सिग्नलच पोचतो. मग चूक दहावीस मीटरच्याही पुढे जाऊ शकते. आणि पॅरिससारख्या, दुतर्फा सहामजली इमारतींच्या रस्त्यावर अडतात ते नेमके डावीउजवीकडचे उपग्रह. दिसतात ते रस्त्याच्या लांबीच्या दिशेचे आणि डोक्यावरचे. लांबीच्या दिशेचे आपण रस्त्यावर किती पुढे आलो ते छान सांगतात, डोक्यावरचे उंची सांगतात. आडवी जागा सांगायला कुणी उरतच नाही. फुटपाथ की रस्ता, हा प्रश्न मात्र पूर्णपणे आडवा आहे!

यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या पॉल ग्रोव्ह्ज यांनी उलटा विचार केला. इमारतींचे त्रिमितीय नकाशे आपल्याकडे आहेत. कोणत्या बाजूच्या फुटपाथवरून कोणता उपग्रह झाकला जाईल हे आधीच काढता येतं. मग जो उपग्रह *दिसत नाही*, तोच आडवी जागा सांगतो. मला ही कल्पना फारच आवडते. दुसरा इलाज एल-५ नावाच्या नव्या जीपीएस सिग्नलचा: त्याचे तुकडे दहापट आखूड, त्यामुळे लांबून आलेलं परावर्तन वेगळं काढता येतं. थेट सिग्नलच अडला असेल तर त्याचाही इलाज चालत नाही. 'एआय स्कूटर फुटपाथ ओळखते' अशा जाहिरातींत प्रत्यक्षात असतो तो बहुधा एखादा कॅमेरा किंवा फरशीचे हादरे मोजणारा संवेदक. उपयोगी वस्तू आहे, चमत्कार नाही.

पॅरिसमध्येच २००७ पासून चालू असलेल्या वेलिब सायकलींना यातलं काही लागत नाही. सायकल लोखंडी खांबात अडकते, खांबाला नंबर असतो, विषय संपला. अर्थात त्याने सुटतो तो फक्त जागेचा प्रश्न. पहिल्या काही वर्षांत वेलिबच्याही हजारो सायकली चोरीला गेल्या आणि मोडल्या.