ब्रुकनरच्या सिंफनींची ध्वनिमुद्रणे

ऑस्ट्रियन संगीतकार आंटोन ब्रुकनर (4 सप्टेंबर 1824 – 11 ऑक्टोबर 1896) याच्या सिंफनींची गाजलेली ध्वनिमुद्रणे व त्यांचा तौलनिक विचार. क्रमांकित सिंफनी नऊ असून नववी अपूर्ण आहे.

या ध्वनिमुद्रणांत वाद्यवृंदसंचालकाच्या शैलीआधी त्याने कोणता पाठ वाजवला, हे पाहावे लागते. ब्रुकनरने आपल्या रचना वारंवार बदलल्या आणि छपाईच्या वेळी शाल्क बंधू व लोव्ह या शिष्यांनीही त्यांत हात घातला. पाचवीच्या पहिल्या छापील आवृत्तीत फ्रान्झ शाल्कने अंतिम भागातले 122 बार (स्वरलिपीतील तालखंड) गाळले. संचालक क्नापर्ट्सबुशचे 1956चे व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचे ध्वनिमुद्रण याच आवृत्तीचे आहे. ते आटोपशीर वाटते याचे श्रेय केवळ गतीला देणे चूक ठरेल.

खरा वाद आठवीचा. तिची 1887ची संहिता संचालक हेर्मान लेवी याला पटली नाही, म्हणून 1890मध्ये दुसरी सिद्ध झाली. संपादक रोबेर्ट हासने 1939च्या आवृत्तीत दुसरी संहिता मूळ धरून पहिलीतील काही जागा परत घेतल्या. पुढे दुसरा संपादक लेओपोल्ट नोवाकने ही सरमिसळ अमान्य करून 1890ची संहिता 1955मध्ये व 1887ची 1972मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. ब्रिटिश अभ्यासक डेरिक कुक हासच्या बाजूचा. अलीकडे बेंजामिन कोर्स्टवेट याने, विशेषतः चौथीच्या संदर्भात, जुन्या छापील आवृत्त्यांनाही सरसकट परकी ढवळाढवळ म्हणू नये असे दाखवले आहे. पाठचिकित्सेच्या दृष्टीने नोवाकची भूमिका अधिक ग्राह्य. तथापि हासच्या आवृत्तीतील आडाजो (संथ गतीचा भाग) ऐकताना सलग वाटतो, हेही खरे. संचालकांपैकी कारायान व वांड हासला धरून राहिले, योखुमने आपल्या संचांत (सिंफनींच्या एकत्रित ध्वनिमुद्रणांत) नोवाकला पसंती दिली.

सातवीच्या आडाजोतील झांजेचा एकच आघात हा याच वादाचा धागा. हस्तलिखितात तो डकवलेल्या चिठ्ठीवर असून त्यावर ‘ग्राह्य नाही’ अशा अर्थाचा शेरा आहे. शेरा कोणाच्या हातचा, याबद्दल मतभेद आहेत. हासने आघात गाळला, नोवाकने ठेवला. कारायानने मात्र हासची आवृत्ती घेऊनही झांज वाजवली. त्यामुळे केवळ झांजेवरून आवृत्ती ओळखता येत नाही.

ओस्कार फ्रीडचे सातवीचे ध्वनिमुद्रण (बर्लिन, सु. 1924) हे ब्रुकनरच्या संपूर्ण सिंफनीचे सामान्यतः पहिले मानतात. नववीचे मूळ रूप हाउसेगरने 1932मध्ये म्यूनिकला प्रथम सादर केले आणि 1938मध्ये ध्वनिमुद्रित केले. फुर्टव्हेंगलरची ऑक्टोबर 1944ची व्हिएन्नातील आठवी युद्धकाळात फितीवर टिपलेली आहे. ध्वनी जुना, पण ताण विलक्षण.

गतीच्या तुलनेसाठी आठवीइतके चांगले उदाहरण नाही. योखुमला (बर्लिन, 1964) सुमारे 74 मिनिटे पुरतात, चेलिबिडाकेला (म्यूनिक, 1993) सुमारे 104; आणि दोघांचाही पाठ नोवाकचा 1890चाच. योखुम शिखराकडे जाताना वेग वाढवतो. चेलिबिडाके प्रत्येक स्वरसंघात (कॉर्ड) पूर्ण उमलेपर्यंत थांबतो. तो ध्वनिमुद्रणाच्याच विरोधात असल्याने ही मैफल त्याच्या मृत्यूनंतर (1996) कुटुंबीयांच्या संमतीने प्रकाशित झाली.

मुंबईत जन्मलेले झुबीन मेहता यांनी 1965मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी नववी ध्वनिमुद्रित केली; तेव्हा ते तिशीचेही नव्हते. पहिल्या दोन सिंफनींसाठी पूर्वी मुख्यतः योखुम व हायटिंक यांच्या संचांकडे वळावे लागे.