कौटुंबिक आठवणींचे सामूहिक लेखन

एकाच कुटुंबातील अनेक व्यक्तींनी आपापल्या आठवणी स्वतःच्या शब्दांत लिहून त्या एका संग्रहात एकत्र करण्याची पद्धत. वंशावळीत नावे, नाती आणि जन्ममृत्यूच्या तारखा मिळतात, तर आत्मचरित्रात एकाच माणसाची दृष्टी असते. सामूहिक लेखनात तीच घटना, तेच घर किंवा तोच माणूस वेगवेगळ्या वयांच्या आणि नात्यांच्या नजरेतून नोंदला जातो व या पद्धतीचे खरे मोल त्यातच आहे.

घरातल्या गोष्टी लिहून ठेवण्याची प्रथा जुनी आहे. 14व्या आणि 15व्या शतकांत फ्लॉरेन्समधील व्यापारी आपल्या हिशेबाच्या वह्यांतच जन्म, विवाह, मृत्यू आणि मुलांना करावयाचा उपदेश लिहीत. ‘रिकॉर्दान्झे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वह्या बापाकडून मुलाकडे जात आणि काहींमध्ये पुढच्या पिढीनेही भर घातलेली आढळते. लिहिणारे मात्र बहुतेक घरचे कर्ते पुरुष असल्यामुळे स्त्रियांचे आणि धाकट्यांचे म्हणणे त्यांत फारसे उतरले नाही. अमेरिकी इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी 1948 मध्ये कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचा, म्हणजे लोकांच्या तोंडून आठवणी नोंदवून घेण्याचा, उपक्रम सुरू केला, तेव्हा त्याचाही रोख प्रथम सार्वजनिक जीवनातील नामवंतांकडेच होता. सामान्य माणसांच्या आठवणींकडे अभ्यासक मोठ्या संख्येने वळले ते 1960 नंतर.

कुटुंबाला स्वतःची अशी सामायिक स्मृती असते, हा विचार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी 1925 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. त्यांच्या मते माणूस आठवतो तो आपल्या गटाच्या आधाराने. यान आसमान या जर्मन अभ्यासकाने पुढे दाखवले, की केवळ बोलण्यातून टिकणारी स्मृती तीन ते चार पिढ्या, म्हणजे साधारण 80 ते 100 वर्षे पुरते. पणजीला पाहिलेले शेवटचे माणूस गेले, की तिचा आवाज, चालण्याची ढब आणि तिच्या रागाची कारणे सांगणारे कोणी उरत नाही, आणि जे लिहिले गेले असेल तेवढेच हाती राहते. म्हणून अशा संग्रहाची सुरुवात घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसापासून करणे इष्ट.

लेखन सामूहिक असले तरी पहिला मजकूर प्रत्येकाने एकट्याने लिहिणे महत्त्वाचे असते. मेरी सुझन वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की एकत्र बसून आठवणाऱ्या गटाला जेवढे आठवते, त्याहून अधिक मजकूर तेवढ्याच माणसांनी स्वतंत्रपणे आठवलेल्या गोष्टी एकत्र केल्यावर मिळतो, कारण एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा आठवणीचा धागा तुटतो. घरात याला आणखी एक कारण जोडले जाते: थोरल्याने सांगून टाकले, की धाकटा गप्प बसतो. वारंवार सांगितल्याने गोष्ट कशी बदलते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मधील ग्रंथात दाखवले होते. सांगणाऱ्याला अनोळखी वाटणारे तपशील गळतात आणि उरलेली गोष्ट त्याच्या समजुतीत बसेल अशी होत जाते. स्वतंत्र लेखन आधी आणि एकत्र वाचन नंतर, हा क्रम त्यामुळे सोडू नये. एकत्र वाचनात नवीन काही आठवल्यास ते मूळ मजकुरात न मिसळता पुरवणी म्हणून, तारीख घालून लिहावे.

विषय नेमका दिला, की लेखन भरते. ‘बालपणाबद्दल लिहा’ असे सांगितल्यास चार सर्वसाधारण वाक्ये येतात. ‘घरी पाहुणे आले, की मुलांना कुठे झोपवत?’ असे विचारल्यास खोल्या, अंथरुणे, अंधार आणि भीती अशा सगळ्यांसह एक रात्र कागदावर येते. राहत्या घराचा नकाशा स्मरणाने काढायला लावणे हाही चांगला उपाय आहे. जुन्या समूहचित्राच्या प्रती काढून प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्यावा आणि प्रत्येक नातेवाइकाने नावे व आठवणी आपल्या प्रतीवर स्वतंत्रपणे लिहाव्यात. मूळ छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये, कारण टोकाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

आठवणींमधील विसंगती हा या कामातला सर्वांत मोलाचा भाग असून बहुतेक संग्रह नेमके तेथेच बिघडतात. वडिलांची नोकरी सुटली त्या वर्षाबद्दल थोरली मुलगी घरातील कुजबुज आणि काटकसर लिहील, तर धाकट्याला वडील रोज शाळेत न्यायला येऊ लागले याचा आनंद आठवेल. दोन्ही खरे आहे. संपादकाने त्यांची सरासरी काढून एकच सफाईदार वृत्तांत तयार केला, तर दोघांचेही बालपण हरवते. तारखा, गावे, पदे अशा पडताळता येणाऱ्या गोष्टी पत्रांशी आणि दाखल्यांशी ताडून पाहाव्यात, मात्र चूक आढळल्यास मजकूर न बदलता खाली टीप द्यावी. ज्यांना लिहिता येत नाही किंवा हात चालत नाही, त्यांचे कथन दुसऱ्याने उतरवून घेताना त्यांची बोली, म्हणी आणि अर्धवट सोडलेली वाक्येसुद्धा तशीच ठेवावीत व उतरवून घेणाऱ्याचे नाव नोंदवावे.

घरच्या आठवणींत आजार, कर्ज, दत्तकविधान, तुटलेले विवाह आणि मालमत्तेचे तंटे येणारच. हयात व्यक्तीविषयीचा असा मजकूर तिला दाखवून, तिच्या संमतीनेच सर्वांपुढे ठेवावा. काही कुटुंबे ठरावीक वर्षांपर्यंत न उघडण्याच्या अटीवर बंद पाकिटात असे लेखन ठेवतात. लिहिणाऱ्याला वगळण्याचा हक्क आहे; दुसऱ्याने त्याच्या लेखनातील वाक्ये न विचारता गाळणे मात्र अयोग्यच.

जतनासाठी एकच प्रत पुरेशी नसते. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदातील आम्लामुळे तो पिवळा व ठिसूळ होतो, म्हणून आम्लरहित कागद वापरावा. संगणकीय प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवून वेळोवेळी उघडून पाहाव्यात आणि साधने बदलतील तसे मजकुराचे नव्या स्वरूपात रूपांतर करावे. ही जबाबदारी कोणाकडे आहे आणि त्याच्यानंतर कोणाकडे जाईल, हे संग्रहाच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावे.