डिस्क रिकामी राहिली तर राहू द्या

लघुपट पंधरा मिनिटांचा आणि डीव्हीडी 4.7 गिगाबाइटची, तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारी माहिती, कमाल ठेवा, चित्र झकास येईल! हा सल्ला इतक्या वेळा कानावर येतो की आज त्याबद्दल लिहायलाच बसलो.

सेकंदाला 8 मेगाबिट, म्हणजे 1 मेगाबाइट, धरले तरी पंधरा मिनिटांचे होतात 900 मेगाबाइट. डिस्कचा पाचवा हिस्साही भरत नाही. म्हणजे जागा भरपूर आहे, पण वेगाला मर्यादा आहे. डीव्हीडीत चित्राला सेकंदाला फार तर 9.8 मेगाबिट मिळतात, आणि चित्र, आवाज, सबटायटल सगळं मिळून 10.08.

पॅल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत एक फ्रेम 720 बाय 576 ठिपक्यांची, आणि अशा 25 फ्रेम दर सेकंदाला. न आवळता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, हे सेकंदाला सुमारे 124 मेगाबिट होतात. डीव्हीडीवरची चित्र आवळण्याची पद्धत, एमपेग-2, ते आवळते कसं, हा मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. आय फ्रेम म्हणजे स्वयंपूर्ण चित्र. पी फ्रेम आधीच्या आय किंवा पी फ्रेमकडे पाहून फक्त काय सरकलं, काय बदललं तेवढं नोंदवते. बी फ्रेम मागे बघते तशी पुढेही बघते. समजा, दारासमोर उभा असलेला माणूस बाजूला झाला. त्याच्यामागचं दार मागच्या फ्रेममध्ये झाकलेलं होतं, पण पुढच्या फ्रेममध्ये ते उघडं आहे. बी फ्रेम ते तिथून उचलते! त्यासाठी पुढची फ्रेम प्लेअरच्या हाती आधी यायला हवी, म्हणून पडद्यावर आय-बी-बी-पी दिसणारा क्रम डिस्कवर आय-पी-बी-बी असा असतो.

या फ्रेम सारख्या आकाराच्या नसतात. 8 मेगाबिटला सरासरी फ्रेम 40 किलोबाइटची पडते, आय फ्रेम त्याच्या कितीतरी पट. हा चढउतार सांभाळायला प्लेअरच्या चित्र उलगडणाऱ्या भागाजवळ 224 किलोबाइटची छोटी टाकी धरलेली असते. बिटरेट कमाल ठेवला की हाताशी सवड उरत नाही. त्यात घरी बर्न केलेली डिस्क काही जुन्या प्लेअरना नीट वाचता येत नाही. तोच भाग ते पुन्हा वाचू लागतात, तोवर साठा संपतो आणि चित्र अडखळतं.

म्हणून चित्राला स्थिर 7.5 ते 8 मेगाबिट द्यावेत. दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग (पहिल्या फेरीत चित्रपट तपासायचा, दुसरीत आवळायचा) लांब चित्रपटासाठी मोलाचं, इथे त्याने फारसा फरक पडत नाही. आवाज 48 किलोहर्ट्झवर, डॉल्बी डिजिटल या आवळलेल्या स्वरूपात सेकंदाला 256 किलोबिट. न आवळलेला स्टीरिओ आवाज एकटाच दीड मेगाबिट खातो.

‘डीव्हीडीवर एचडी दर्जा’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. आधीच आवळलेल्या फाइलमधला गेलेला तपशील बिटरेट वाढवून परत येत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? संकलनातून निघालेली मूळ, कमीत कमी आवळलेली फाइलच एन्कोडरला द्या. आधी पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर बर्न करून पाहा, आणि पाऊस, वाहतं पाणी, हलती पानं असलेली दृश्यं टीव्हीवर नीट निरखा. चौकोन फुटतात ते तिथेच.