बंब काढला, आता गॅस गिझर बसवायचाय? टाइल्स लावायच्या आधी हे वाचा

दिवाळी झाली की आमच्या दुकानाचा फोन वाजायला लागतो आणि बहुतेक फोन एकाच चालीचे असतात. जुना तांब्याचा बंब मोडीत दिला, बाथरूम नवीन केलं, टाइल्स पार छतापर्यंत गेल्या, गिझर ऑनलाइन मागवला, आता फक्त येऊन लावून द्या. आमचा पोऱ्या ड्रिल मशीन घेऊन येतो आणि बघतो तर ना झरोका ना धुराडं, मिस्तरीने सगळं सिमेंटने बुजवून टाकलेलं. मग तो तसाच परत येतो, तुमचा दिवस गेला, आमचाही गेला, वर तुम्ही नाराज की अर्ध्या तासाचं काम यांनी केलं नाही. तर का केलं नाही ते एकदा नीट सांगतो.

आपल्याकडे बंबात पऱ्हाट्या घालायच्या, कपाशी निघाली की वर्षभराचं सरपण घरामागे रचून ठेवायचं. आता पऱ्हाट्या फक्त भरताची वांगी भाजायला लागतात तो भाग वेगळा. पण त्या बंबासाठी न्हाणीच्या भिंतीत धुराडं असायचं, धाब्याच्या म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात वर साणं, म्हणजे छतातलं भोक असायचं, आणि दाराखालच्या फटीतून नवी हवा आत यायची. कोणी काही मोजलं नव्हतं तरी व्यवस्था बरोबर होती. आणि धूर कोंडलाच तर डोळ्यांना झोंबायचा, खोकला यायचा, माणूस आपोआप बाहेर पळायचा. गॅसचं तसं नाही. त्याचा धूर दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं धूर नाहीच, मग भोक कशाला ठेवायचं. सगळी चूक इथेच होते.

गॅस जळायला हवा लागते आणि ती भरपूर लागते. १ किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ घनमीटर हवा खर्च होते. ६ लिटरचा गिझर १० मिनिटं चालला तर दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जातो, म्हणजे जवळजवळ २ घनमीटर हवा. चार बाय सहाचं, आठ फूट उंच बाथरूम धरा, त्यात सगळी मिळून साडेपाच घनमीटरच हवा असते. एका अंघोळीत तिसरा हिस्सा हवा गिझरनेच वापरली, आणि घरात अंघोळीला पाच जण रांगेत. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० पटीहून जास्त घट्ट धरतं, म्हणून थोडा वायूसुद्धा भारी पडतो. "आम्हाला तर गॅसचा वास आला नाही" असं सगळे म्हणतात, पण सिलेंडरला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, गॅस जळला की तोही जळून जातो. वास न आल्यावर भरवसा ठेवू नका.

दुसरी चूक जरा हुशारीची वाटते म्हणून जास्त लोक करतात. धुराडं आहेच ना, त्यातच गिझरचा पाइप घालून टाका. गेल्या थंडीत पारोळ्याकडच्या एका गावातून फोन आला, गिझर मधेच बंद पडतो, दोनदा सेल बदलले तरी तेच. मी स्वतः गेलो. वाड्याची जुनी न्हाणी, एक फूट रुंद विटांचं धुराडं, गिझरचा पाइप त्यात खुपसलेला आणि भोवती सिमेंट. भिंतीवर हातभर ओला काळा डाग, पाइपाच्या जोडातून तांबूस पाणी टपकत होतं. खिडकीला खताची गोणी ठोकलेली. विचारलं तर आबा म्हणाले, "थंडी वाजस ना भाऊ, म्हनीसन बंद करी टाकी." दार लावलं, गिझर पाच मिनिटं चालू ठेवला आणि पेटलेली अगरबत्ती गिझरच्या डोक्यावरच्या पाइपाच्या तोंडाशी धरली. धूर आत ओढला जायला पाहिजे, तो उलटा माझ्या तोंडावर आला. तेव्हा सुनबाई बोलल्या की महिनाभर अंघोळ झाली की डोकं ठणकतं, मी समजत होते ओल्या केसांमुळे.

झालं असं की बंबाचा धूर खूप आणि चांगला तापलेला, तो रुंद धुराड्यातूनही जोरात वर जायचा. गिझरचा धूर त्यामानाने थोडा, तो गार विटांच्या मोठ्या पोकळीत गेला की तिथेच थंड होतो आणि वर चढायची ताकद राहत नाही. त्यात १ किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन निघतं, ती वाफ विटांवर जमते, खाली गळते आणि पाइप गंजवते. म्हणजे बंबाला जे मोठं धुराडं बरोबर होतं तेच गिझरला चुकीचं आहे. त्यांचा गिझर आम्ही मागच्या भिंतीवर छज्जाखाली बाहेर लावला, फक्त गरम पाण्याचा पाइप आत घेतला.

आमचं मत विचाराल तर गिझर बाहेरच लावा, हाच पहिला सल्ला. जागाच नसेल तर निदान पाइपवाला गिझर घ्या, ज्याच्या वरती फक्त जाळी असते असला आत लावू नका. पाइप जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) किंवा अ‍ॅल्युमिनियमचा, पीव्हीसी अजिबात नाही, आणि गिझरच्या तोंडापेक्षा बारीक नाही. आधी थोडा सरळ वर जाऊन मग आडवा, आडव्या भागाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे जमलेलं पाणी बाहेर पडतं. दाराला खाली जाळी पाहिजे, वर झरोका उघडा पाहिजे, आणि धुळ्यात पारा ६-७ अंशांवर आला तरी तो उघडाच ठेवायचा. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे झालं असंही नाही, हवा आत यायला जागा नसेल तर तोच फॅन पाइपातला धूर उलटा आत ओढतो. अगरबत्तीची परीक्षा फॅन चालू ठेवून पण करा.

गिझर आपोआप बंद करणारा सुरक्षेचा सेन्सर मधून काढा, तारा थेट जोडून द्या, मग गिझर बंद पडणार नाही, अशी पण मागणी येते. ते आम्ही करत नाही, कितीही पैसे दिले तरी. गिझर बंद पडतो म्हणजे काहीतरी सांगतोय.

आता आमच्या पद्धतीबद्दल. आम्ही आधी जागा बघायला येतो, त्याचे १५० रुपये घेतो, ते काही जणांना खटकतं. पण काम आमच्याकडून केलं तर ते बिलातून वजा होतात, आणि बाथरूम फोडायच्या आधी बोलावलं तर भोक कुठे ठेवायचं ते मिस्तरीला समोरासमोर सांगता येतं, टाइल फोडायची वेळ येत नाही. गिझर दुसरीकडून घेतला असेल तरी लावून देतो, फक्त आयएसआय मार्क बघून घ्या, एलपीजीच्या छोट्या गिझरसाठी आयएस १५५५८ हा नंबर असतो. आमच्याकडच्या गिझरला पहिल्या वर्षी बर्नर साफ करायची एक फेरी फुकट आहे. बोअरच्या पाण्याचा क्षार आणि बर्नरमधली कोळ्याची जाळी, दोन्ही त्यात निघतं.

ज्योत निळी असावी. पिवळी दिसली, काजळी धरली तर त्या दिवशी गिझर वापरू नका, आधी फोन करा. अंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटपटले तर नळ-बिळ सोडा, दार उघडून बाहेर या. कोणी आत पडलेलं दिसलं तर दार सताड उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन लावा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना आतून कडी लावू देऊ नका.

येताना किंवा फोन करताना बाथरूमचे दोन फोटो पाठवा, एक दाराकडून आणि एक बाहेरच्या भिंतीचा, म्हणजे माणूस बरोबर सामान घेऊनच निघेल.