३,३५,५०,३३६ : पाचवी परिपूर्ण संख्या

३,३५,५०,३३६. दिसायला अगदी साधी संख्या. ना शेवटी शून्यांची रांग, ना आकड्यांची नक्षी. पण तिला निःशेष भाग देणाऱ्या, तिच्याहून लहान अशा सगळ्या संख्यांची बेरीज केली की पुन्हा तीच मिळते. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात. सगळ्यांत लहान ६ (१ + २ + ३), मग २८, ४९६, ८१२८ आणि पाचवी एकदम कोटींच्या घरातली ही.

बेरीज पडताळायला फारसे कष्ट नाहीत. ही संख्या म्हणजे ४०९६ × ८१९१. पैकी ४०९६ हा २ चा बारावा घात, तर ८१९१ ही मूळ संख्या. त्यामुळे विभाजकांचे दोनच गट पडतात. पहिला १, २, ४, ८ असा दुप्पट होत ४०९६ पर्यंत जाणारा. त्याची बेरीज ८१९१. दुसऱ्यात ८१९१ ची १, २, ४ पासून २०४८ पर्यंतची पट. त्याची बेरीज ८१९१ × ४०९५. (४०९६ पट म्हणजे संख्या स्वतःच, ती धरायची नाही.) दोन्ही मिळून ८१९१ × ४०९६. झालं!

सगळी भिस्त ८१९१ मूळ असण्यावर आहे. २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मूळ संख्या आली, तर तिला आधीच्या घाताने गुणल्यावर परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने सिद्ध केलं. सम परिपूर्ण संख्या याच साच्यातल्या असतात, हे अठराव्या शतकात स्विस गणिती ऑयलरने दाखवलं. यात घातांकही मूळच लागतो. ८१२८ (६४ × १२७) मध्ये तो ७ आहे, कारण १२७ म्हणजे २ च्या सातव्या घातातून १ वजा; म्हणजे पुढची पाळी ११ ची. पण २ च्या अकराव्या घातातून १ वजा केल्यास २०४७ = २३ × ८९; तिथे गाडी अडते आणि १३ वर, म्हणजे ८१९१ वर, उडी मारावी लागते. मधली मोठी दरी त्यामुळेच.

आता ८१९१ मूळ कशावरून? सरळ मार्गाने गेलं तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ९० च्या आतल्या चोवीसही मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. फ्रेंच गणिती फर्माच्या प्रमेयामुळे मात्र कळतं, की ८१९१ च्या मूळ विभाजकाला २६ ने (१३ च्या दुपटीने) भागल्यास बाकी १ च उरायला हवी. असे उमेदवार दोनच: ५३ आणि ७९. ५३ ने भागल्यास बाकी २९, ७९ ने भागल्यास ५४. दोन भागाकारांत निकाल! माझ्या मते या संख्येतला सगळ्यांत देखणा भाग हाच.

बाकी गुणही आहेत. १ ते ८१९१ ची बेरीज हीच. १ ते १२७ पर्यंतच्या विषम संख्यांच्या घनांची बेरीजही हीच. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली तर आधी तेरा १, मग बारा ०.

इ.स. १०० च्या सुमारास ग्रीक गणिती निकोमॅकसला पहिल्या चारच ठाऊक होत्या. त्यावरून त्याने अंदाज बांधला, की दर अंकसंख्येला एक परिपूर्ण संख्या असते आणि शेवटी ६ व ८ आलटून पालटून येतात. पाचवी निघाली आठ अंकी, म्हणजे पहिला अंदाज कोसळला. शेवटचा ६ मात्र नियमाला धरून होता. मग सहावी सापडली, ८,५८,९८,६९,०५६, आणि तिच्याही शेवटी ६ च.