भगव्यावरची सावली हिरवट का होते? मल्टिप्लाय आणि डार्कनमधला फरक

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एखाद्या दुकानाचा फ्लेक्स करायचाय असं समजा. मागे भगवा रंग, त्यावर कापशी चपलेचा जोड. फोटो पांढऱ्या कागदावर काढलाय, तळाशी मऊ सावली पडलीय. पांढरं घालवायचं आणि सावली ठेवायची, एवढंच काम. फोटोशॉपमध्ये वरचा लेअर, म्हणजे थर, खालच्यात कसा मिसळायचा हे ब्लेंड मोड ठरवतो. त्याच्या यादीत गडद करणाऱ्या गटात डार्कन आणि मल्टिप्लाय हे दोघे खालीवर बसलेले असतात. दोन्ही लावून बघितले तर पांढरं दोन्हींनी जातं. मग डोळ्याला बरा वाटेल तो ठेवायचा. पुष्कळदा तो डार्कन असतो, कारण त्यात चपलेचा रंग हलत नाही. फ्लेक्स छापून आला की सावली शेवाळलेली दिसते आणि शिव्या प्रिंटरच्या शाईला पडतात. शाईचा यात काही दोष नसतो.

मल्टिप्लाय गुणाकार करतो, डार्कन निवड करतो. बाकीचा सगळा फरक यातूनच निघतो.

मल्टिप्लायमध्ये वरच्या पिक्सेलची किंमत गुणिले खालच्याची, भागिले २५५ (शून्य म्हणजे अंधार, २५५ म्हणजे पूर्ण उजेड). हे लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही चॅनेलसाठी वेगवेगळं होतं. १२८ वर १२८ ठेवला की ६४ येतात. मंडळाच्या लायटिंगला लावतात तसले दोन जिलेटिन कागद एकावर एक धरून दिव्याकडे बघा. पहिल्या कागदातून सुटलेला उजेड दुसऱ्यात आणखी अडतो, म्हणून दोन्हींपेक्षा गडद रंग दिसतो. डार्कन असलं काही करत नाही. प्रत्येक चॅनेलमध्ये वरचा आकडा आणि खालचा आकडा शेजारी ठेवतो, लहान असेल तो घेतो, दुसरा टाकून देतो. १२८ वर १२८ ठेवला तर १२८च.

घोटाळा होतो तो टोकांमुळे. पांढरा म्हणजे २५५. मल्टिप्लायमध्ये २५५ ने गुणून २५५ ने भागलं की खालचा रंग जसाच्या तसा राहतो, डार्कनमध्येही २५५ कधी लहान ठरत नाही. काळा म्हणजे शून्य, तो दोन्हींत काळाच. त्यामुळे पांढऱ्यावर काळी अक्षरं, एवढ्यावरच चाचणी घेतली तर दोघे जुळे भाऊ वाटतात. वेगळेपण कळतं ते मधल्या राखाडीत आणि रंगात. लेअरवर कोणता मोड आहे अशी शंका आली तर कंट्रोल जे दाबून त्याची एक प्रत काढा. चित्र आणखी गडद झालं तर मल्टिप्लाय, ढिम्म हललं नाही तर डार्कन.

आता तो भगवा जवळून बघू. आकडे धरू लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. सावलीच्या मध्यावरची राखाडी तिन्ही चॅनेलमध्ये १२८. मल्टिप्लायने १२८, ७७, २६ मिळतात. तिन्ही आकडे साधारण निम्मे झाले, एकमेकांशी प्रमाण तेच राहिलं. म्हणजे भगवाच, पण सावलीतला. डार्कनने १२८, १२८, ५१ मिळतात. लाल खाली आला कारण १२८ हा २५५ पेक्षा लहान. हिरव्यात १५३ चे १२८ झाले. निळा ५१ चा ५१च. लाल आणि हिरवा सारखे, निळा कमी, यालाच डोळा शेवाळी म्हणतो. सावलीच्या कडेला राखाडी २०० असेल तिथे डार्कन फक्त लाल चॅनेलला हात लावतो आणि २००, १५३, ५१ असा मळका मोहरीसारखा रंग देतो. आणि सावली अगदी काळोखी, म्हणजे ४० असेल तर ४०, ४०, ४०, म्हणजे निव्वळ राखाडी, भगव्याचा मागमूस नाही. एकाच सावलीत मोहरी, शेवाळ आणि राख. पांढऱ्या किंवा राखाडी पार्श्वभूमीवर हे दिसत नाही, भगव्यावर आणि गुलाली रंगावर लगेच दिसतं.

मग डार्कन बरा का वाटतो? चपलेचा रंग बघा. कातडं १७६, ११२, ६४ धरलं तर भगव्यावर डार्कनने १७६, ११२, ५१ मिळतं, म्हणजे जवळपास मूळचंच. मल्टिप्लायने १७६, ६७, १३. कातडं विटकरी लाल होऊन बसतं. म्हणजे मल्टिप्लायने सावली बरोबर आणि चप्पल चुकीची, डार्कनने चप्पल ठीक आणि सावली चुकीची. एका लेअरकडून दोन्ही कामं मागितली की असं होणारच.

म्हणून लेअर दोन करायचे. फोटोच्या दोन प्रती ठेवा. खालची मल्टिप्लायवर, ती फक्त सावलीसाठी. वरची नॉर्मलवर, तिला मास्क, म्हणजे नको तो भाग झाकणारा पडदा, लावून नुसती चप्पल कापून घ्या. कापताना पेन टूल वापरा, पट्ट्यांच्या वेणीतल्या फटी आणि अंगठ्याची जागा वेगळी काढा, नाहीतर फटीतून पांढरा कागद डोकावतो. पांढरा कागद कॅमेऱ्यात थोडा पिवळा किंवा निळसर आला असेल तर खालच्या प्रतीवर शिफ्ट कंट्रोल यू मारून तिचा रंगच काढून टाका. सावली राखाडी झाली की भगव्यावर तिचा दुसरा डाग पडत नाही. सावली जास्त वाटली तर त्याच लेअरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ७० ते ८० टक्क्यांवर आणा. फोटोशॉपची स्वतःची ड्रॉप शॅडोसुद्धा मुळात मल्टिप्लायवरच लावलेली असते, कारण सावली म्हणजे खालच्याच रंगावर कमी पडलेला उजेड.

स्कॅन केलेल्या सही-शिक्क्याचा हिशेब मात्र थोडा उलटा आहे. कागद डोळ्याला पांढरा दिसतो, पण स्कॅनमध्ये तो क्वचितच २५५ असतो. धरू २४०. मल्टिप्लायने खालचा भाग २४० भागिले २५५, म्हणजे ९४ टक्के उजेडाचा होतो आणि सहीभोवती फिकट चौकोन दिसतो. स्क्रीनवर नजरेतून सुटतो, छापल्यावर डोळ्यात भरतो. डार्कनमध्ये खालचा रंग तिन्ही चॅनेलमध्ये २४० च्या आत असेल तर चौकोन पूर्ण नाहीसा. खाली कोरा पांढरा असेल तर मात्र दोन्हींत चौकोन येतो. पण डार्कनची किंमत अक्षरांच्या कडांना मोजावी लागते. अक्षराची कड म्हणजे १२८ च्या आसपासचे अर्धवट पिक्सेल. खालचा रंग १२८ किंवा त्याहून गडद असला की ते हरतात आणि सही बारीक, तुटक दिसायला लागते. त्यापेक्षा आधी लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याची टोकं ठरवणारी खिडकी) उघडा, पांढऱ्या टोकाचा स्लायडर ऑल्ट दाबून डावीकडे सरकवा, कागद पूर्ण पांढरा झाला की थांबा, मग मल्टिप्लाय. कागद खरंच २५५ झाला का हे इन्फो पॅनेलमध्ये, एफ ८ दाबून, चार कोपऱ्यांवर तपासा. स्कॅनर एका बाजूला थोडा काळोखी देतो, त्यामुळे मधे २५५ आणि कोपऱ्यात २४६ असं सर्रास निघतं.

डार्कनचा खरा मान असतो तो काचेमागच्या फोटोंना. तालमीच्या भिंतीवरचा जुना पैलवानाचा फोटो फ्रेममधून काढता येत नाही आणि काचेवर दिव्याची चमक येते. कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, एक्स्पोजर हाताने ठरवून कुलूपबंद करायचं. एक फोटो दिवा डावीकडे ठेवून, दुसरा उजवीकडे ठेवून. दोन्ही एकाच फाईलमध्ये लेअर म्हणून आणा, दोन्ही निवडून एडिट मेनूतलं ऑटो अलाइन लेअर्स चालवा, वरचा डार्कन करा. जिथे एका फोटोत चमक २३५ आहे आणि दुसऱ्यात तीच जागा ९० आहे, तिथे ९० उरतात. इथे मल्टिप्लाय लावला तर चमकेच्या जागी ८३ आणि तिच्या शेजारी, जिथे दोन्हींत ९० होते, तिथे ३२. फोटो काळा झाला तो झालाच, वर डाग तसाच. यात बिघडतं ते असं: दिवे फार जवळ असले तर डावीकडच्या दिव्यात उजवी कड अंधारी येते आणि उजवीकडच्यात डावी. डार्कन दोन्ही अंधार उचलतो आणि फोटो मधे उजळ, कडांना काळा होतो. फ्रेमच्या पट्टीची सावलीही तो दोन्ही बाजूंनी घेतो. दिवे लांब न्या, तिरके ठेवा. दोन्ही फोटोंत चमक एकाच जागी आली असेल तर कोणताच मोड वाचवत नाही, तिसरा फोटो काढावा लागतो.

उजेड जास्त झालेल्या फोटोला मात्र मल्टिप्लायच. कर्व्हजचा, म्हणजे वक्र रेषेने उजेड बदलणारा लेअर टाका, वक्राला हात न लावता त्याचा मोड मल्टिप्लाय करा. १२८ चे ६४ होतात, २०० चे १५७, २४० चे २२६. २५५ होता तो २५५च राहतो, म्हणून जळालेलं पांढरं शालूचं जरीकाम यातून परत येत नाही. डार्कनवर ठेवलात तर काहीच होणार नाही.

डार्कर कलर नावाचा आणखी एक मोड त्याच गटात आहे. तो चॅनेल सुटे न करता अख्खा पिक्सेल तोलतो, म्हणून तिसरा रंग तयार होत नाही, पण कडा करवतीने कापल्यासारख्या दिसतात. कोरलड्रॉ वापरणाऱ्यांनी ट्रान्सपरन्सी टूलच्या यादीत डार्कन शोधू नये, तिथे त्याला इफ डार्कर म्हणतात.

छपाईच्या फाईलमध्ये एक गोष्ट बदलते. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत, आकडे उजेडाचे नसून शाईचे असतात. ५० टक्के शाईवर ५० टक्के मल्टिप्लाय केली तर ७५ टक्के होते, डार्कनमध्ये ५०च राहते. मल्टिप्लायच्या तीन-चार सावल्या एकावर एक आल्या की शाई साचते, आणि ऑफसेटला कागद वाळत नाही. आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीत) बनवलेली फाईल सीएमवायकेत नेताना फोटोशॉप लेअर मर्ज करायचे का विचारतं. मोड लावलेले असतील तर आधी एक प्रत जपून ठेवा आणि मर्ज करून टाका, नाहीतर तोच मोड नव्या आकड्यांवर चालतो आणि सावली बदलते.

सावलीचा लेअर फोल्डरमध्ये टाकल्यावर पांढरा चौकोन अचानक परत आला, तर फोल्डरचा मोड बघा. तो पास थ्रूऐवजी नॉर्मल झालेला असतो, आणि मग आतल्या मल्टिप्लायला फोल्डरबाहेरचं काही दिसत नाही. फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सअॅपवर नुसती चप्पल-सावलीची पीएनजी पाठवली तरी हेच होतं. पीएनजीत ब्लेंड मोड जात नाही, सावलीसोबत सगळा पांढरा कागद जातो.

शॉर्टकट शिफ्ट ऑल्ट एम मल्टिप्लायचा, शिफ्ट ऑल्ट के डार्कनचा. हातात ब्रश किंवा क्लोन स्टँप असेल तर हेच शॉर्टकट लेअरऐवजी त्या हत्याराचा मोड बदलतात. आधी व्ही दाबून मूव्ह टूल घ्या. उलट, जुन्या फोटोवरचे पांढरे ओरखडे काढायचे असतील तर क्लोन स्टँप हातात ठेवूनच शिफ्ट ऑल्ट के दाबा. मग तो फक्त नमुन्यापेक्षा उजळ पिक्सेल झाकतो, आजूबाजूचे केस, मिशा, फेट्याच्या घड्या शाबूत राहतात. काम झालं की स्टँपचा मोड पुन्हा नॉर्मलवर आणा. नाहीतर पुढच्या फोटोतला काळा डाग पुसताना तो जागचा हलणार नाही.