प्रोरोक, वेश्ची आणि पैगंबर: थोडी पार्श्वभूमी

रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन, कुठलीही स्लाव भाषा घ्या, प्रेषिताला शब्द एकच, प्रोरोक. स्लोव्हेनियन लोक तेवढे प्रेरोक म्हणतात. आता एवढ्या लांबवर पांगलेल्या भाषांत हा शब्द जसाच्या तसा कसा टिकला, तर तो मुळात चर्चच्या कामासाठी घडवलेला. 863 च्या सुमारास थेसालोनिकीचे दोघे भाऊ, सिरिल आणि मेथोडियस, मोराव्हियात (आजच्या चेक-स्लोव्हाक भागात) धर्मप्रचाराला गेले, सोबत स्लाव बोलीसाठी बनवलेली नवीकोरी ग्लॅगोलिटिक लिपी, आणि बायबल वगैरे स्लाव बोलीत आणायचं तर शेकडो ग्रीक शब्दांना जोड शोधायची होती. ग्रीक 'प्रोफेतेस'चे दोन तुकडे, 'प्रो' आणि 'बोलणारा', तसेच स्लावमध्ये 'प्रो' आणि 'रेक' म्हणजे बोलणं, झाला शब्द तयार. 885 मध्ये मेथोडियस वारल्यावर शिष्यांना तिथून हाकलून दिलं, ते बल्गेरियात गेले, आणि 988 मध्ये कीव्हने ख्रिस्ती धर्म घेतल्यावर तिकडची पुस्तकं आणि भाषा तिथेही रुजली.

पण मग त्याआधी भविष्य सांगणारे नव्हते का? होते की! जुना शब्द 'वेश्ची', 'जाणणं' या अर्थाच्या 'वेद' धातूतून आलेला, आणि हो, आपला विद् आणि वेद त्याच्याच नात्यातले. कीव्हचा ओलेग राजा 'वेश्ची ओलेग' म्हणूनच ओळखला जातो. जुनी बखर सांगते की 907 मध्ये त्याने जहाजांना चाकं लावून कॉन्स्टँटिनोपलवर चाल केली आणि परत आल्यावर लोक त्याला वेश्ची म्हणू लागले, आणि भिक्षू लेखक लगेच टोमणा मारतो की लोक मूर्तिपूजक आणि अडाणी होते म्हणून! गंमत म्हणजे या 'जाणत्या' राजाला स्वतःचं मरण काही कळलं नाही, घोड्यामुळे मरशील असं मांत्रिकांनी सांगितलं होतं, घोडा मेल्यावर हा हसत हसत त्याच्या कवटीवर पाय ठेवायला गेला आणि आतून साप निघून चावला.

एकंदरीत नव्या धर्मात जुन्या जाणत्यांची पार रया गेली. रशियनमध्ये 'वेद्मा' आणि क्रोएशियनमध्ये 'व्येश्तित्सा' म्हणजे आज सरळ चेटकीण. पोलिशमध्ये मात्र 'व्येश्च' हा मान मित्स्कियेविचसारख्या राष्ट्रकवींना मिळाला.

बॉस्नियात आणखी वेगळंच. 1463 मध्ये तिथे ऑटोमन आले आणि तुर्कीतून फारसी शब्द आला 'पेयगांबेर', म्हणजे आपला पैगंबरच, फक्त वाट वेगळी. तिथले मुसलमान मुहंमदांना 'व्येरोव्येस्निक' असंही म्हणतात, श्रद्धेची वार्ता आणणारा, आणि त्यातला 'वार्ता' हा भाग पुन्हा त्याच 'वेद' धातूतून आलेला.